काक्षी पांढरी का पडली : मृगाच्या एका फोटोची रंगदुरुस्ती

पौष अमावास्येच्या रात्री माझी भाची मृग नक्षत्राचा फोटो काढायला टोकावड्याला गेली. ती कळव्याला राहते. कल्याण, मुरबाड आणि पुढे माळशेजचा रस्ता. तिथे तिच्या मैत्रिणीच्या काकांचं शेत आहे. भात काढून झालेल्या खाचरात ट्रायपॉड, त्यावर ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र), त्यावर २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स. कॅमेरा दुकानातून आला तसाच, आतला फिल्टर वगैरे काही काढलेला नाही. लेन्स एफ/२.८ वर, आयएसओ ८००, ६० सेकंदांची एक अशा ९० फ्रेम. त्या सुमारास मृग रात्री साडेदहा-पावणेअकराला मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातल्या त्याच्या सर्वांत उंच जागी, येतो. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाऊण-पाऊण तास तिने बरोबर धरला होता. तयारीत खोट काढायला जागा नव्हती.

चार दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन नौपाड्यात माझ्याकडे आली.

"मामा, बघ ना. सगळे तारे जांभळट आलेत आणि काक्षी पार पांढरी पडलीये. मी रंग वाढवून बघितला, तर अजूनच घाण झालं."

मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये २६ वर्षं रंगाचं काम केलं. प्रूफ आणि छपाई जुळत नसली की मशीन थांबवून मला बोलवायचे. त्यामुळे "रंग चुकलाय" हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो : नेमका कुठे चुकला? शेवटच्या पायरीवर दिसणारी चूक बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर झालेली असते. शेवटी शाई वाढवून ती भरून निघत नाही.

फोटोत काय दिसत होतं

साध्या डोळ्यांनी ताऱ्यांचे रंग बघायचे तर मृगासारखी जागा नाही. एका कोपऱ्यात काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज, नारिंगी. तिच्या समोरच्या कोपऱ्यात राजन्य, म्हणजे रायजेल, निळसर पांढरा. मधे त्रिकांडाचे तीन तारे, राजन्यापेक्षाही तापलेले. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३,५०० केल्विन, राजन्याचं १२,००० च्या आसपास, त्रिकांडाचे तिघे २५,००० च्या वर. खगोलात रंग मोजायला वर्णांक वापरतात. निळ्या फिल्टरमधून आलेली प्रत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा, जितका कमी तितका तारा ठळक) वजा हिरवट-पिवळ्या फिल्टरमधून आलेली प्रत, म्हणजे बी वजा व्ही. काक्षीचा वर्णांक १.८५, सूर्याचा ०.६५, राजन्याचा उणे ०.०३. एवढा फरक एका चौकटीत असताना फोटोत सगळे तारे एकाच रंगाचे दिसत असतील, तर तो रंग ताऱ्यांचा नाही, आपल्या प्रक्रियेचा आहे.

फोटो ४०० टक्के मोठा करून पाहिला. काक्षीच्या जागी सुमारे २० पिक्सेल रुंदीचा सपाट पांढरा ठिपका. त्याला बाहेरून पुसटशी गुलाबी कड. राजन्याभोवती वांग्याच्या सालीसारखं गडद जांभळं कडं. त्रिकांडाचे तिन्ही तारे फिक्या जांभळ्या रंगाचे. सगळ्यात बोलकं म्हणजे मागचे बारीक तारे. त्यांत पिवळे, नारिंगी, पांढरे असे सगळ्या तऱ्हांचे असायला हवेत, पण इथे एकजात सगळे जांभळट होते. आकाश मात्र छान करडं, कुठेही रंगाची झाक नाही.

ते करडं आकाश पाहूनच मला शंका आली.

चूक माझ्या सल्ल्याची होती

तिने काय काय केलं ते विचारत गेलो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची नोंद, आधी फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर दोन ताऱ्यांमधल्या रिकाम्या आकाशावर ठेवला, आकाश करडं झालं. तीच सेटिंग ९० फ्रेमना लावून टिफ, म्हणजे तयार चित्रांच्या फाइल, काढल्या, त्या स्टॅक केल्या, म्हणजे एकमेकींवर बसवून त्यांचा एकच फोटो केला. मग कर्व्हने ताण दिला, म्हणजे अंधारे भाग उजळ केले, हिरवा काढण्याचं बटण दाबलं, शेवटी सॅच्युरेशन वाढवलं.

आकाशावर ड्रॉपर ठेवायचं मीच तिला दिवाळीत सांगितलं होतं. प्रेसमध्ये आम्ही तेच करायचो : करडा जुळव, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. छपाईत ते खरंही आहे, कारण कागद पिवळसर असेल तर तो पिवळेपणा वरच्या प्रत्येक शाईला गुणतो. गुणाकाराने आलेली झाक गुणाकाराने जाते. आकाशाचा उजेड तसा नाही. कल्याण-बदलापूरकडून आलेला दिव्यांचा उजेड ताऱ्याच्या प्रकाशात मिसळतो, म्हणजे त्यात अधिक होतो. बेरजेने आलेलं वजाबाकीनेच काढावं लागतं. हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. तिची एक अख्खी रात्र या सल्ल्यापायी वाया जाणार होती.

तिला मी वहीवर आकडे मांडून दाखवलं. समजा एका पिक्सेलवर आकाशाचा उजेड लाल ६००, हिरवा ८००, निळा ४०० आहे. त्यावर सूर्यासारखा एक पांढरा तारा आला आणि त्याने तिन्ही रंगांत १००-१०० ची भर घातली. एकूण झाले ७००, ९००, ५००. आता ड्रॉपरने आकाश करडं करायचं म्हणजे लाल एकने, हिरवा पाऊणने, निळा दीडने गुणायचा. आकाश तिन्हीकडे ६०० झालं. पण ताऱ्याच्या वाट्याचे १००-१००-१०० होते ते झाले १००, ७५ आणि १५०. हिरवा घटला, निळा वाढला. पांढऱ्याशुभ्र ताऱ्याला जांभळा रंग फासला गेला, आणि तोही फोटोतल्या प्रत्येक ताऱ्याला सारख्याच प्रमाणात.

हेच आधी वजाबाकी करून केलं असतं, तर ६००-८००-४०० निघून गेले असते आणि खाली १००-१००-१०० उरले असते. गुणाकाराची वेळ त्यानंतरची. तो कॅमेऱ्याचं सेन्सर कोणत्या रंगाला किती संवेदनशील आहे त्यासाठी करायचा, आकाश करडं करण्यासाठी नव्हे.

हिरवा काढण्याच्या बटणाने आणखी भर घातली. ते बटण जिथे हिरवा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जातो तिथे त्याला खाली ओढतं. आकाशात कण-कण गोंधळ असतो. हिरवा कधी थोडा वर, कधी थोडा खाली. वरचा प्रत्येक वेळी कापला, खालचा तसाच ठेवला, तर सरासरी हिरवा कमीच होणार. उरलेल्या लाल-निळ्याचा मिळून पुन्हा जांभळाच. रंगाचा तोल आधीच नीट असेल तर या बटणाची क्वचितच गरज पडते, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

कर्व्हचा ताण

काक्षी पांढरी पडण्याचं कारण मात्र वेगळं होतं. खरं तर दोन कारणं होती.

पहिलं कर्व्हचं. समजा काक्षीच्या कडेच्या एका पिक्सेलवर लाल ०.८०, हिरवा ०.४५, निळा ०.२५ आहे. लाल निळ्याच्या ३.२ पट. अंधारातला तेजोमेघ वर आणायला आपण जो जोरदार ताण देतो, तो प्रत्येक रंगावर स्वतंत्रपणे चालतो. गणितात तो चतुर्थ मुळासारखा धरला, तर हे आकडे होतात ०.९५, ०.८२ आणि ०.७१. आता लाल निळ्याच्या जेमतेम १.३४ पट. नारिंगी होती, ती दुधात हळद टाकल्यासारखी फिकी झाली. त्यावर कितीही सॅच्युरेशन वाढवलं तरी गेलेलं प्रमाण परत येत नाही. फक्त जी चुकीची झाक उरली असेल ती भडक होते, आणि तिच्या फोटोत ती जांभळी होती.

यावर जुना, परखलेला उपाय आहे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-पाहणी प्रकल्पाच्या चित्रांसाठी रॉबर्ट लुप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो मांडला. ताण तिन्ही रंगांवर वेगवेगळा न देता एकूण तेजावर द्यायचा आणि त्यातून जो गुणक निघेल त्यानेच तिन्ही रंग गुणायचे. तेजासाठी त्यांनी आर्कसाइनएच हे फलन वापरलं. मंद भागात ते सरळ रेषेसारखं चालतं, तेजस्वी भागात लॉगरिदमसारखं दबतं. रंगांचं परस्पर प्रमाण जसंच्या तसं राहतं. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा ताण तयार मिळतो.

दुसरं कारण अधिक हट्टी. तिचा कॅमेरा १४ बिटचा, म्हणजे एका पिक्सेलची धाव १६,३८३ पर्यंत. काक्षी आणि राजन्य हे दोघे आकाशातल्या सर्वांत ठळक ताऱ्यांत बसणारे. ६० सेकंदांत त्यांच्या गाभ्याचे तिन्ही रंग छताला टेकून बसतात. लालही छताला, निळाही छताला. तिथे रंग नोंदलाच गेलेला नाही, आणि जे नोंदलं नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर परत आणणार नाही.

बिघडलेली फ्रेम साक्षीला आली

इथे आम्ही अडलो. बरोबर रंग कोणता हे ठरवायचं कशावरून? "मला काक्षी अशी दिसते" हा आधार पुरेसा नाही. माझ्या प्रेसमध्ये निदान प्रूफ तरी समोर असायचं.

मी तिला त्या रात्रीच्या सगळ्या फाइल दाखवायला सांगितल्या, टाकाऊ धरून. सुरुवातीला, नऊच्या सुमारास, फोकस लावताना तिने पाच-पाच सेकंदांच्या सात फ्रेम घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन पार फोकसबाहेर. ठिपक्यांऐवजी ताऱ्यांच्या साधारण ६० पिक्सेल रुंदीच्या गोल चकत्या झाल्या होत्या.

"अगं, हेच तर हवं होतं," मी म्हणालो.

"हे? हे मी डिलीट करणार होते."

चकतीत ताऱ्याचा प्रकाश अडीच-तीन हजार पिक्सेलवर पसरतो. कुठलाच पिक्सेल छताला टेकत नाही आणि खरा रंग नोंदला जातो. डेव्हिड मॅलिन या खगोलछायाचित्रकाराने याच तत्त्वावर मृगाचा एक प्रसिद्ध फोटो घेतला आहे. कॅमेरा स्थिर ठेवून तारे सरकू दिले आणि टप्प्याटप्प्याने फोकस ढिला करत गेला, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याचा पट्टा रुंदावत गेला आणि रंग उघडा पडला. आमच्या हाती तेच अपघाताने आलं होतं. नऊ वाजता काक्षी ६० अंशांहून वर होती, त्यामुळे क्षितिजाजवळच्या हवेने रंग तांबूस केल्याचीही भीती नव्हती.

चकती आम्ही रॉ फाइलमध्येच मोजली. चकतीच्या कडेला लेन्समुळे हिरवट-जांभळी किनार येते, म्हणून मधलाच एखादा पिक्सेल न घेता सबंध चकतीची बेरीज घेतली. शेजारच्या रिकाम्या आकाशाची तेवढ्याच क्षेत्राची बेरीज त्यातून वजा केली. मग कॅमेऱ्याच्या दिवसाच्या उजेडाच्या गुणकांनी गुणलं. काक्षी : लाल निळ्याच्या साधारण तिप्पट. राजन्य : लाल निळ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. हे दोन आकडे मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून लॅपटॉपच्या बाजूला टेकवून ठेवले. तिच्या तयार फोटोत काक्षीच्या कडेला लाल निळ्याच्या १.१ पटच भरत होता.

पुन्हा पहिल्यापासून

टिफ बाजूला ठेवल्या. त्यांत गॅमा, म्हणजे पडद्यासाठी दिलेला तेजाचा बाक, आधीच चढलेला होता, म्हणजे प्रकाशाचं सरळ गणित मोडलेलं होतं. रॉ फाइलवरून सिरिलमध्ये नव्याने सुरुवात केली. डार्क (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम) वजा, फ्लॅटने (सारख्या उजेडाच्या कोऱ्या फ्रेमने) भागाकार (फ्लॅट तिने लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या आकाशावर घेतले होते, ते चांगले निघाले), मग स्टॅक. ताण अजिबात नाही.

आकाशाच्या वजाबाकीला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. चौकटीचा उजवा खालचा कोपरा, म्हणजे नैऋत्येचा, बाकीपेक्षा उजळ होता. सॉफ्टवेअर आकाशाचे नमुने आपोआप टाकतं, पण मृगात ते आंधळेपणाने स्वीकारायचे नसतात, कारण या भागात मंद तेजोमेघ दूरवर पसरलेले आहेत. एम-४२ या मृगातल्या ठळक तेजोमेघाच्या आसपासचे आणि त्रिकांडाजवळचे नमुने हाताने काढून टाकले. नमुन्यांवरून काढलेला आकाशाच्या उजेडाचा पृष्ठभाग पहिल्या घाताचाच ठेवला, म्हणजे सरळ उतरता. जास्त घात घेतला असता तर शहराच्या उजेडाबरोबर तेजोमेघही वजा झाला असता.

मग रंगाचं प्रमाण. यासाठी फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन वापरलं. सॉफ्टवेअर आधी फोटोतले तारे ओळखून चौकट आकाशात नेमकी बसवतं. त्यासाठी फोकल लेंथ ५० मिमी आणि पिक्सेलचा आकार ३.७ मायक्रॉन एवढं सांगावं लागतं. नंतर शेकडो ताऱ्यांचे सूचीतले रंग आणि फोटोतले रंग ताडून लाल-हिरव्या-निळ्याचे गुणक काढतं. याचीच पुढची पायरी वर्णपटावर चालते. गाया यानाच्या जून २०२२ मध्ये आलेल्या तिसऱ्या माहितीसंचात सुमारे २२ कोटी स्रोतांचे वर्णपट आहेत, ते तिथे आधाराला घेतात. तिथे पांढरं कशाला म्हणायचं हे निवडावं लागतं : सरासरी सर्पिल दीर्घिका, की सूर्यासारखा जी-टू वर्गाचा तारा. दोन्ही योग्यच आहेत. नक्षत्राच्या फोटोला मी सूर्याचा पांढरा पसंत करतो. आपल्या डोळ्यांची पांढऱ्याची कल्पना त्याच्याच उजेडात घडलेली आहे.

गुणक लागले आणि मागचे बारीक तारे एकदम वेगवेगळे झाले. पिवळे, फिके नारिंगी, पांढरे. भाची काही बोलली नाही. तिने नुसती खुर्ची पुढे ओढली.

आणि त्याच क्षणी काक्षीचा गाभा गडद गुलाबी झाला. याचं कारण आधी सांगितलेलं छत. गाभ्यात तिन्ही रंग सारखे अडकलेले. त्यांना लालसाठी जवळजवळ दोनने आणि निळ्यासाठी दीडने गुणलं, की हिरवा मागे पडतो आणि गुलाबी उरतो. तिच्या आधीच्या सॉफ्टवेअरने तो भाग गुपचूप पांढरा करून टाकला होता, म्हणून तेव्हा दिसला नव्हता. इथे आम्ही गाभ्याला रंग "शोधत" बसलो नाही. गाभ्याबाहेरच्या, छताला न टेकलेल्या कड्यात काक्षीचा खरा रंग नोंदलेला होता. मोजला, तर लाल निळ्याच्या २.९ पट. वहीतल्या तिप्पटीशी जुळला. तोच रंग आत पसरू दिला : फोटोची एक प्रत घेऊन ती धूसर केली, आणि त्या प्रतीतला फक्त रंग मूळ ताऱ्याच्या तेजावर बसवला. ताऱ्यांपुरता मास्क, म्हणजे बाकीचा भाग झाकणारा पडदा, लावून, बाकी कुठे धक्का न लावता. अगदी मधला ठिपका जवळजवळ पांढराच ठेवला. एवढ्या तेजाचा ठिपका पूर्ण नारिंगी केला तर तो बिंदी लावल्यासारखा दिसतो.

ताण देण्याआधी तारे आणि तेजोमेघ स्टारनेट या सॉफ्टवेअरने वेगळे केले. तेजोमेघाला जेवढा ताण लागतो तेवढा ताऱ्यांना लागत नाही. ताऱ्यांच्या थराला आर्कसाइनएचचा हलका ताण, आणि तोही आधी वरची थोडी जागा मोकळी ठेवून. कारण या पद्धतीत ठळक ताऱ्याचा लाल एकच्या पुढे गेला तर तो कापला जातो आणि काक्षी पुन्हा पिवळी पडते. पहिल्या खेपेला आमचं तेच झालं, ताण कमी करून पुन्हा केलं. सॅच्युरेशनला हात लावायची वेळ आली नाही.

राजन्याचं जांभळं कडं

हे मात्र लेन्सचं. स्वस्त ५० मिमी लेन्स एफ/२.८ वर जांभळा प्रकाश बाकीच्या रंगांबरोबर एका जागी गोळा करू शकत नाही, तो भोवती कड्यासारखा सांडतो. तापलेल्या निळ्या ताऱ्यांचा जांभळा प्रकाश भरपूर, म्हणून कडं त्यांनाच ठळक. पंचाईत ही की राजन्य खरोखरच निळसर आहे. सगळा निळा-जांभळा सरसकट उतरवला तर त्याचा खरा रंगही जातो.

चकतीचा आकडा इथेही कामी आला. कड्यात निळा हिरव्याच्या दुप्पट भरत होता. चकतीत निळा हिरव्यापेक्षा थोडासाच वर. जेवढं वर तेवढं लेन्सचं, असं धरून कड्यापुरता मास्क केला आणि त्यातला निळा चकतीच्या प्रमाणापर्यंत खाली आणला. त्रिकांडाच्या तिन्ही ताऱ्यांनाही तसंच केलं. राजन्य आता बर्फाच्या लादीसारखा दिसतो, पांढरा आणि आतून किंचित निळा. निळा तारा म्हणजे दौतीतल्या शाईचा निळा नव्हे, हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण बऱ्याच फोटोंमध्ये तो तसाच रंगवलेला असतो.

जे सुटलं नाही

अगदी बारीक ताऱ्यांत अजून काही ठिपके हिरवे आणि काही लाल आहेत. ५० मिमीवर एक पिक्सेल आकाशाचे सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) व्यापतो, त्यामुळे मंद तारा एक-दोन पिक्सेलवरच पडतो. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग नोंदतो, म्हणून खालचा पिक्सेल हिरवा असेल तर तारा हिरवा, लाल असेल तर लाल. प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा थोडा हलवला असता, तर ९० फ्रेममध्ये हे आपोआप मिटलं असतं. तिने तो हलवला नव्हता. आता हाताने एकेक ठिपका पुसण्यात अर्थ नाही, तसं करून आपण आपल्याच मनाचे तारे रंगवू.

राजन्याच्या कड्याची डावी बाजू अजून किंचित जांभळी आहे. मास्क आणखी आत नेला तर शेजारचा एक मंद तारा खाल्ला जातो, म्हणून तिथेच थांबलो.

माघातल्या अमावास्येला ती पुन्हा टोकावड्याला जाणार आहे. लेन्स एफ/४ वर, दर तीन फ्रेमनंतर कॅमेरा थोडा सरकवायचा, आणि पन्नासेक फ्रेम पाच सेकंदांच्या, म्हणजे काक्षीभोवतीचं छताला टेकलेलं वर्तुळ तरी लहान होईल. काल रात्री फोन आला होता. "मामा, फोकसबाहेरच्या किती घेऊ?" दहा घे म्हटलं, सुरुवातीला पाच आणि मृग मध्यमंडलावर आला की पाच.